बेंजोला गोंगाट म्हणणाऱ्या गिटारवाल्यांनो

पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या आणि वीकेंडला गिटार वाजवणाऱ्या माणसांची एक जमात आहे. मी त्याच जमातीतला. आमच्यातल्या कुणालाही रात्री दोन वाजता उठवून विचारा, फेंडर टेलिकास्टरचं आधीचं नाव काय? तो डोळे न उघडता सांगेल: ब्रॉडकास्टर. १९५० साली बाजारात आली, ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच होतं म्हणून तक्रार आली, मग १९५१ ला टेलिकास्टर झाली. मधल्या काळात ज्या गिटारींवर नुसतंच 'फेंडर' लिहिलं होतं त्यांना 'नोकास्टर' म्हणतात, हेही तो सांगेल. थांबवलं नाहीत तर मानेला किती स्क्रू असतात तेही सांगेल. चार.

आता त्याच माणसाला विचारा: तुझ्या मामाच्या पोराच्या लग्नात परण्यापुढं जो बेंजो वाजत होता, तो बनवला कुणी? त्याच्या तारांखाली पिकअप कुणी बसवलं? वाजवणाऱ्याचं नाव काय?

उत्तर मिळणार नाही. बहुतेक वेळा हसू मिळेल. "अरे, तो तर गोंगाट."

माझं भांडण या हसण्याशी आहे. हा लेख बीड जिल्ह्यातून आलेल्या, लग्नसराईत बेंजो ऐकत वाढलेल्या आणि आता पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात ईएमआयवर गिटार घेणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांसाठी आहे. म्हणणं एवढंच: इलेक्ट्रिक बेंजो हे आपल्या भागाचं इलेक्ट्रिक गिटार आहे. उपमा म्हणून म्हणत नाही. ज्या कारणांनी, ज्या प्रकारच्या माणसांनी, ज्या पद्धतीनं टेलिकास्टर घडवली, तशाच कारणांनी आणि तशाच माणसांनी बेंजो घडवला. फरक एकच पडला. तिकडच्यांनी आपल्या वाजवणाऱ्यांची नावं लिहून ठेवली.

कापूस वेचणाऱ्यांची गिटार

आधी अमेरिकेचं बघू, कारण ते आपल्याला जास्त पाठ आहे.

१९३० च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा या भागात दुष्काळ आणि मंदी एकदमच आली. जमिनी गेल्या. माणसं मोडक्या गाड्यांवर गाद्या-भांडी बांधून कॅलिफोर्नियाला निघाली. तिथं कापूस वेचायचा, फळं तोडायची, हंगाम संपला की पुढच्या शेतावर जायचं. स्थानिक लोक त्यांना 'ओकी' म्हणत, आणि ती शिवी होती. बेकर्सफील्ड हे गाव अशाच माणसांनी भरलं. मर्ल हॅगार्ड हा पुढे मोठा झालेला गायक त्याच गावाशेजारच्या ऑइलडेलमध्ये १९३७ साली जन्मला. त्याचं घर म्हणजे मालगाडीच्या जुन्या डब्याची केलेली खोली.

या माणसांना शनिवारी रात्री नाचायला जागा हवी होती. बेकर्सफील्डमध्ये तसे बार उघडले. 'ब्लॅकबोर्ड' नावाचा एक त्यात प्रसिद्ध. दिवसभर शेतात नाहीतर तेलविहिरीवर राबलेली माणसं तिथं पिणार, नाचणार, कधी मारामारी करणार. अशा कालव्यात लाकडी पोकळ गिटार ऐकूच येत नाही. तिथं चिरत जाणारा आवाज लागतो. तो आवाज टेलिकास्टरनं दिला.

आणि टेलिकास्टर बनवली कुणी? लिओ फेंडरनं. फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यानं एक सपाट फळी घेतली, मान वेगळी करून स्क्रूनं जोडली, म्हणजे झिजली की बदलता येईल. गिटारीत दुरुस्तीवाल्याचं डोकं उतरलं होतं. पहिल्यांदा बघणाऱ्या कंपन्यांच्या लोकांनी तिला होडीचं वल्हं म्हणून, बर्फ उपसायचं फावडं म्हणून हिणवलं.

या वल्ह्यावर जी माणसं मोठी झाली त्यांच्यातल्या जोड्या ऐकण्यासारख्या आहेत. जिमी ब्रायंट टेलिकास्टरवर आणि स्पीडी वेस्ट पेडल स्टीलवर, ही पहिली. ब्रायंट दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन परतलेला सैनिक, आधी फिडल वाजवणारा. वेस्टचं पेडल स्टील पॉल बिग्जबी नावाच्या, मोटारसायकलींच्या कामात हात बसलेल्या कारागिरानं बनवलेलं. १९५४ साली त्यांची 'टू गिटार्स कंट्री स्टाइल' ही रेकॉर्ड आली. आजही ऐका. ब्रायंट शिलाई मशीनसारखा सुसाट सुटतो आणि वेस्ट मध्येच स्टीलवरून असा काही घसरतो की वाटतं भांड्यांची मांडणी कोसळली. आणि पुढच्याच मात्रेला दोघंही हसत जागेवर. दुसरी जोडी बक ओवेन्स आणि डॉन रिच यांची. ओवेन्स टेक्ससमध्ये जन्मला, घरच्यांबरोबर पोटासाठी पश्चिमेकडं निघाला, लहानपणी शेतात राबला, ब्लॅकबोर्डमध्ये वाजवून तयार झाला. रिच हाही मुळात फिडलवाला. दोघांच्या हातात टेलिकास्टर. १९६५ साली त्यांच्या बँडचं 'बकारू' हे शब्दच नसलेलं गाणं अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. नुसत्या गिटारीच्या जोरावर.

या सगळ्याचं पुढे काय झालं? २०१२ साली नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये बेकर्सफील्डच्या आवाजावर मोठं प्रदर्शन भरलं. 'ओकी' या शिवीचं संग्रहालयातलं दालन झालं.

कोयता, टेम्पो आणि तारा

आता बीडला येऊ.

दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीडमधून माणसं निघतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज. तालुका कुठलाही घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार बांधलेला असतो, वर लेकरं बसलेली असतात, आणि गाड्या पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकच्या कारखान्यांकडं लागतात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. पट्टा पडला की माणसं परत येतात, आणि त्याच सुमारास लग्नसराई सुरू होते. चैत्र-वैशाखात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, वर्षभराचं नाचणं उरकून घ्यायचं असतं.

बेकर्सफील्ड आणि बीड यांत मैल किती आहेत ते सोडा. हंगामापुरतं स्थलांतर, मालकाचा हिशेब, आणि परतल्यावर मोठ्यानं नाचायची गरज, ही तिन्ही दोन्हीकडं सारखीच आहेत.

आणि इथंही लाकडी वाद्याचा आवाज पुरत नव्हता. उघड्यावर, हलगी-ताशा-ड्रमच्या गजरात, दोनशे माणसांच्या शिट्ट्यांत सूर ऐकू यायला हवा होता. तो बेंजोनं दिला.

ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा अमेरिकन बॅन्जो नव्हे. लांबट लाकडी पेटी, वर पोलादी तारा, आणि टाइपरायटरसारख्या चाव्यांची रांग. डाव्या हातानं चावी दाबली की खालची पट्टी तारेवर बसते आणि सूर ठरतो. उजव्या हातातल्या पिकनं तार छेडायची. हे यंत्र १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो या माणसानं शोधलं. टाइपरायटरच्या चाव्या तिथूनच आल्या. तिकडं त्याला ताइशोगोतो म्हणतात. भारतात आल्यावर ते बुलबुल तरंग झालं, घराघरांत पोरांच्या हातात गेलं, आणि बोलीत बेंजो झालं. बॅन्जो हे नाव मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांच्या वाद्याचं. म्हणजे नाव त्यांचं, चाव्या जपानच्या, गाणी मुंबईच्या सिनेमाची, आणि घाम आपल्या मारुतीच्या पारापुढचा.

मग त्यात वीज आली. तारांखाली चुंबक, चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत बारीकसा वीजप्रवाह उमटतो, आणि अँप्लिफायर त्याचा डोंगर करतो. टेलिकास्टर याच तत्त्वावर चालते. अमेरिकेत बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटारसुद्धा, १९३२ च्या सुमाराची रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', याच तत्त्वावरची. आणि ती गंमत म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची गिटार होती. कंट्री संगीतातलं पेडल स्टील त्याच वंशातलं. प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचा हात अमेरिकेच्या 'अस्सल गावरान' संगीतात जाऊन बसला, तर जपानी पेटी मराठवाड्यात गावरान का होऊ शकत नाही?

आमच्या भागात पार्टी म्हणजे बेंजो, शेजारी कॅसिओ, ऑक्टोपॅड नाहीतर ढोलकी, ताशा, ड्रम, हलगी, झांज. आठ-दहा माणसं. अँप्लिफायर, स्पीकर आणि जनरेटर छोट्या हत्तीवर नाहीतर पिकअपवर बांधलेले. चांगल्या पार्टीत दोन बेंजो असतात. तिथं खरी मजा असते. एकानं गाण्याची पहिली ओळ टाकायची, दुसऱ्यानं वरच्या सप्तकात ती उचलायची. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं जोडायचं. मध्येच हलगीवाला दोघांना गप्प करतो, आपलं काय ते बोलून घेतो, आणि तोंड फिरवून पुन्हा बेंजोकडं बघतो: आता बोला. ब्रायंट-वेस्ट ऐकताना मला हेच ऐकू येतं. एकमेकांच्या तोंडातला घास काढून घेणं, आणि तरी ताल न सोडणं.

"पण ती नुसती नक्कल असते"

आता आक्षेप घेऊ. पहिला नेहमीचा: बेंजोवाले स्वतःचं काय वाजवतात? सिनेमाची गाणीच तर वाजवतात.

बेंजोची अडचण बघा. चावी दाबली की सूर ठरलेल्या जागी पडतो. सतारीची मींड इथं सहज मिळत नाही. गाणाऱ्याचा गळा एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातो, बेंजोला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. तर वाजवणारा काय करतो? दोन चाव्यांच्या मध्ये इतका बारीक कण घेतो की घसरल्याचा भास व्हावा. चावीवरचा दाब थरथरवतो, तार किंचित ताणली जाते, सूर हलतो. तार छेडली की आवाज लगेच मरतो, म्हणून उजवा हात इतक्या वेगानं पिक फिरवतो की सूर सलग वाटावा. वर इकोची थोडी शेपटी जोडतो. एवढं सगळं कशासाठी, तर आशा भोसलेंचा नाहीतर आनंद शिंद्यांचा गळा लाकडाच्या पेटीतून यावा म्हणून.

आता टेलिकास्टरकडं बघा. कंट्री गिटारवाले तारा इतक्या का ताणतात? पेडल स्टीलची नक्कल करायला. १९६० च्या दशकाच्या शेवटी क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनी टेलिकास्टरच्या पोटात एक यंत्रच बसवलं. गिटार खाली ओढली की पट्ट्यामुळं एक तार आपोआप ताणली जायची. कशासाठी? स्टीलसारखं ऐकू यावं म्हणून. त्या यंत्राला 'बी-बेंडर' म्हणतात आणि आमची जमात त्याच्याबद्दल हात जोडून बोलते. त्यांनी केली की कल्पकता, आणि आपल्या माणसानं दाबाखाली चावी थरथरवली की नक्कल?

वाद्यं एकमेकांची आणि गळ्याची नक्कल करतच मोठी होतात. त्या नकलेत जे जमत नाही, तिथं वाद्याचं स्वतःचं बोलणं सुरू होतं.

"पण ते आपलं नाही"

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. जपानी वाद्य, प्लॅस्टिकच्या चाव्या, सिनेमाची गाणी. ही कसली लोककला?

हार्मोनिअमलाही हेच ऐकावं लागलं. युरोपातून आलेली पेटी, भारतीय श्रुती तिला येत नाहीत, म्हणून १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर तिला बंदी होती. आज हार्मोनिअमशिवाय भजन, कीर्तन, नाट्यसंगीत, कव्वाली कल्पून दाखवा. वारकऱ्यांच्या दिंडीत गळ्यात पेटी अडकवून चालणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, हे वाद्य कुठल्या देशाचं.

आणि विजेच्या तारांची जोडी आपल्याकडं प्रतिष्ठेच्या जागीही होतीच. लखनौहून मुंबईला आलेले वॅन शिपले इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाची गाणी वाजवत. अकॉर्डियनवर पुण्याचे एनॉक डॅनियल्स. एचएमव्हीच्या रेकॉर्डवर त्यांची नावं छापून आली, म्हणून आज मी ती लिहू शकतो. तेही सिनेमाचीच गाणी वाजवत होते. पण त्यांच्या वाजवण्याला कव्हर मिळालं, कव्हरवर नाव मिळालं. बेंजोला कव्हर नव्हतं. तो रस्त्यावर वाजला आणि रस्त्यावरच राहिला.

२०१६ साली रवी जाधवांनी 'बॅन्जो' नावाचा हिंदी सिनेमा केला, रितेश देशमुखला घेऊन. मुंबईतल्या बेंजोवाल्यावर मोठ्या पडद्याचा सिनेमा, ही मोठीच गोष्ट. पण त्याची कथा आठवा. नायकाच्या वाजवण्याची किंमत ओळखायला न्यू यॉर्कहून एक मुलगी यावी लागते. सिनेमाला दोष देत नाही. आपलंच वागणं त्यानं पडद्यावर दाखवलं.

"पण कान फुटतात"

तिसरा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. आवाजाचा त्रास खरा असतो. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, परीक्षेला बसलेली लेकरं यांचा हक्क नाचणाऱ्यांपेक्षा कमी नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ते पाळले पाहिजेत, बेंजोनंही पाळले पाहिजेत.

पण एक लबाडी चालते. भिंतीएवढे बेसचे डबे लावून छातीचा पिंजरा हलवणारा डीजे आणि एक बेंजो पार्टी यांना आपण एकाच वाक्यात 'गोंगाट' म्हणतो. मग बंदीची भाषा आली की दोघांचं नुकसान होतं, आणि बंदी ढिली पडली की फायदा मात्र एकट्या डीजेचा. कारण लग्नघराला हिशेब सोपा वाटतो. आठ-दहा माणसांचं जेवण, पाणी, मजुरी कशाला? एक ऑपरेटर, एक लॅपटॉप, काम झालं.

काय गेलं तेही हिशेबात धरा. डीजेच्या लॅपटॉपला नाचणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. बेंजोवाल्याला दिसतात. नवरदेवाचा चुलता दमला की तो गाणं उतरवतो. कोपऱ्यात लाजत उभ्या असलेल्या आत्याबाईंच्या टाळ्या सुरू झाल्या की तिकडं तोंड करून त्यांच्या वयाचं गाणं काढतो. वरात मयताच्या दारावरून जाताना कुणी न सांगता हात थांबवतो. हे सगळं कौशल्य आहे, आणि ते वर्षानुवर्षं तारखा वाजवून येतं. आमच्या क्षेत्रात याला 'रिअल टाइम फीडबॅक' म्हणतात आणि त्याचे पगार मिळतात.

"पण ते सुटलेलंच बरं"

चौथा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, आणि तो हसणाऱ्यांचा नाही. तो वाजवणाऱ्या घरांतून येतो. आमच्या भागात लग्नात, देवापुढं, मयतापुढं वाजवणं हे जातीनं माथी मारलेलं काम होतं. हलगी मातंग समाजाच्या गळ्यात गावानं अडकवली, आणि मोबदल्यात काय दिलं तर बलुतं, शिळं अन्न आणि अंतर. बाबासाहेबांनी गावकीची अपमानाची कामं सोडायला सांगितलं, तेव्हा सोडणं हाच स्वाभिमान होता. आज त्या घरातल्या पोरानं वाद्य खाली ठेवून बँकेची परीक्षा दिली, तर त्याला 'कला जप' म्हणून सांगणारा मी कोण? मी वरातीत नाचणाऱ्या घरातला आहे, वाजवणाऱ्या घरातला नाही. सोडायचा अधिकार त्यांचा, आणि तो पूर्ण.

पण म्हणूनच बेंजो आणि गावकीची हलगी यांतला फरक नीट बघायला हवा. बेंजो कुणी गळ्यात अडकवला नाही. तो माणसांनी स्वतःच्या पैशानं विकत घेतला, स्वतः शिकला, दुरुस्त केला, त्यात वीज घातली. त्याची सुपारी ठरते, इसार घेतला जातो, तारीख वहीत लिहिली जाते, जास्त वेळ वाजवलं तर जास्त पैसे मागितले जातात. बलुत्याच्या जागी करार आला. आणि तोच बेंजो १४ एप्रिलला स्वतःच्या वस्तीच्या मिरवणुकीत भीमगीतं वाजवतो, कुणाच्या दारात नाही, स्वतःच्या उत्सवात. जे वाद्य गुलामगिरीतून बाहेर पडताना हातात आलं, त्यालाच आपण गुलामगिरीच्या खात्यात टाकून मोकळं व्हावं, हे आपल्या सोयीचं आहे. त्यांच्या नव्हे.

वाजवणं कमी होण्याची कारणं अनेक असतील. त्यांत आपला तुच्छपणा हे एक कारण नक्की आहे, आणि तेवढं एक आपल्या हातात आहे.

घासलेला रंग

आमच्या जमातीला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटायला हवी ते सांगतो. फेंडर कंपनी १९९० च्या दशकापासून 'रेलिक' नावाच्या गिटारी विकते. नवी कोरी गिटार. पण कारखान्यातच तिचा रंग घासून उडवतात, धातूवर गंज चढवतात, जिथं वाजवणाऱ्याचा हात लागला असता तिथलं लाकूड उघडं पाडतात. पन्नास वर्षं बारमध्ये वाजल्यासारखी दिसावी म्हणून. या खोट्या झिजेला नव्या गिटारीपेक्षा जास्त किंमत पडते. खऱ्या १९५० च्या दशकातल्या टेलिकास्टर तर लाखो रुपयांना जातात.

म्हणजे आपण बेकर्सफील्डच्या कापूस वेचणाऱ्याच्या घामाचा नकली डाग लाखांत विकत घेऊ. आणि बीडमध्ये ज्या बेंजोच्या चाव्यांवरचं पॉलिश खऱ्या बोटांनी, खऱ्या उन्हात, खऱ्या लग्नसराईत उडालं आहे, त्याला भंगार म्हणू. 'व्हिंटेज' या शब्दाचा अर्थ आपल्याकडं 'दुसऱ्यांच्या गरिबांनी वापरलेलं' एवढाच उरला आहे.

इंजिनिअरला काय करता येईल

तक्रार पुरे. आपण कामाची माणसं आहोत, तर काम बोलू.

इलेक्ट्रिक बेंजोला बाहेर काढलेला जॅक बहुतेक वेळा तोच पाव इंची असतो, जो तुमच्या गिटारीला आहे. हा जॅक मुळात एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनला होता. तुमच्या घरात पडून असलेला ऑडिओ इंटरफेस त्याला थेट लागतो. एखाद्या पार्टीला, रिकाम्या दिवशी, त्या दिवसाची मजुरी देऊन, झाडाखाली बसवून अर्धा तास रेकॉर्ड करा. दोन बेंजो असतील तर दोन वेगळ्या ट्रॅकवर. वरातीतल्या हलत्या मोबाइलच्या व्हिडिओत फक्त शिट्ट्या ऐकू येतात. इथं बोटं ऐकू येतील.

रेकॉर्डिंगखाली लिहा: वाजवणाऱ्याचं नाव, त्याला चालत असेल तर. गाव, तालुका, साल. बेंजो कुणी बनवला, पिकअप कुणी बसवलं, तारा कोणत्या, कोणत्या पट्टीत लावल्या, कुणाकडून शिकला. कोडमध्ये प्रत्येक बदलाखाली कुणी केला, कधी केला, हे आपण रोज नोंदवतो. दोन ओळींच्या दुरुस्तीलाही नाव असतं. तीच सवय इथं आणा. आणि पैसे आले तर ते कुणाचे, हे आधी ठरवा, कागदावर.

दुसरं. जनरेटरवर चालणाऱ्या साध्या पिकअपमधून जो 'घुंऽऽ' येतो, तो वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा आवाज. सुटा वेढा तो अँटेनासारखा पकडतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ च्या सुमारास त्यावर उपाय काढला: दोन वेढे उलट गुंडाळायचे, चुंबकही उलटे ठेवायचे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, वीजपुरवठ्याचा एकमेकांना मारतो. ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण आपण ती गिटारीच्या व्हिडिओंत शंभरदा ऐकली आहे. तालुक्याच्या बाजारात बेंजो दुरुस्त करणाऱ्या माणसाशेजारी एक दुपार बसा. शिकवायला जाऊ नका. तो काय करतो ते आधी बघा. डागणी हातात घेऊन तुमच्या कॉलेजच्या लॅबपेक्षा जास्त वर्षं काढली आहेत त्यानं. मग वेढ्यांबद्दल बोला. लिओ फेंडरच्या दुकानात याहून वेगळं काही चालत नव्हतं. वाजवणारे येत, तक्रार सांगत, तो स्क्रू फिरवत असे.

तिसरं, आणि सगळ्यात सोपं. यंदा घरात लग्न असेल तर घरातल्या चर्चेत तोंड उघडा. डीजे ठरला असेल तरी परण्याला बेंजो सांगा. पारापुढं वीस मिनिटं बाकी सगळं बंद, फक्त दोन बेंजो आणि एक हलगी, असं आधीच बोलून ठेवा. पार्टीतल्या माणसांना मांडवातल्या पंगतीत बसवा, मागच्या दाराला नाही. माइकवरून मामांची, पाहुण्यांची, गावच्या पुढाऱ्यांची नावं घेतली जातात, तशी वाजवणाऱ्यांचीही घ्यायला सांगा. दहा नावांना एक मिनिट लागतं.

आणि सुपारी देताना घासाघीस करू नका. गिटारीच्या एका पेडलला आपण जेवढे मोजतो, तेवढ्यावर तिथं आठ-दहा घरांचा दिवस असतो.